रुमाल टाकला, मालिका आमची

डहाणू लोकलने रोज जाणाऱ्याला हक्क म्हणजे काय, हे वकिलाकडून शिकावं लागत नाही. गाडी पालघरच्या फलाटावर पुरती थांबायच्या आत खिडकीतून एक रुमाल आत येतो आणि सीटवर पडतो. रुमालाचा मालक अजून दारातल्या गर्दीत अडकलेला असतो, पण सीट त्याची झालेली असते. पासावर सीट नंबर नाही, रेल्वेच्या कुठल्या पुस्तकात रुमालाचा उल्लेख नाही. तरी त्यावर बसून बघा. सफाळं येईपर्यंत तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार होईल, आणि उद्धार करणाऱ्यांत निदान चौघे असे असतील, ज्यांनी स्वतःची सीट रुमालानेच मिळवली आहे.

त्याच डब्यात हल्ली कॉलेजची पोरं मोबाईलवर पानं उलट्या दिशेने सरकवत बसलेली दिसतात. ही जपानी चित्रकथा, मांगा. उजवीकडून डावीकडे वाचायची. डोरेमॉन आणि शिनचॅन हिंदीत बघून मोठी झालेली ही पिढी आता ‘वन पीस’ वाचते. ‘वन पीस’ जपानच्या ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात 1997 च्या जुलैत सुरू झाली आणि अजून चालू आहे, म्हणजे वाचणारे बरेचसे तिच्याहून वयाने लहान. आपल्याकडे टीव्हीवरच्या सुना इतकी वर्षं टिकत नाहीत.

पोरं वाचतात इंग्रजीत, आणि त्यातलं बरंचसं इंग्रजी कुठल्याही प्रकाशकाने केलेलं नसतं. जगभरातल्या हौशी टोळ्या ते परस्पर करतात. कामाची वाटणी एखाद्या कारखान्याला लाजवेल अशी. एक जण जपानी अंक मिळवून पानं स्कॅन करतो. दुसरा अनुवाद करतो. तिसरा फुग्यांतली जपानी अक्षरं पुसतो. अक्षरं चित्रावरच लिहिलेली असतील तर चौथा त्यांच्याखाली गेलेली भिंत, केस, पाऊस, जे काय असेल ते पुन्हा रेखाटतो. पाचवा इंग्रजी मजकूर बसवतो, सहावा चुका काढतो. टोळीत शिरायचं तर आधी परीक्षा द्यावी लागते. पगार शून्य. रात्रीची पाळी. बोईसर एमआयडीसीतल्या कुठल्याही ठेकेदाराने हे ऐकलं तर भरती कुठे चालू आहे ते आधी विचारील.

कायद्याने यातल्या एकाचाही त्या चित्रकथेवर काडीचा हक्क नाही. लेखक जपानी, प्रकाशक जपानी, परवानगी कुणाचीच नाही. आता या बिनहक्काच्या लोकांनी आपसात जे नियम केलेत ते ऐका, म्हणजे आमच्या लोकलचे ग्रुप किती मवाळ आहेत ते कळेल.

ज्याने मालिका आधी हातात घेतली, मालिका त्याची. दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही. फार महिने काही आलं नाही, तर हात लावता येईल, पण आधी निरोप पाठवायचा, उत्तराची वाट बघायची. न विचारता मधलंच प्रकरण टाकलं, तर ती घुसखोरी. प्रत्येक प्रकरणाला टोळीच्या नावाचं पान असतं, त्यात पुसणाऱ्यापासून तपासणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं. ते पान काढायचं नाही. आमची पानं दुसरीकडे चढवायची नाहीत. आणि सगळ्यात वरचा नियम: आमच्या इंग्रजीवरून स्पॅनिश किंवा पोर्तुगीज करायचं असेल, तर आमची लेखी परवानगी घ्या.

परवानगी! मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, माणूस विनोद करतोय. अजिबात नाही. ज्याच्या घरातून वस्तू उचलली त्याला विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही, पण उचललेली वस्तू पुढे कुणी उचलली की पंचनामा. नावाच्या पानावर मग प्रतिस्पर्धी टोळीची नाव घेऊन, नाव न घेता, आडून, समोरून अशी चारी बाजूंनी हजेरी. मूळ लेखकाने अठरा पानांत जेवढं युद्ध रंगवलं नसेल, तेवढं या एका पानावर रंगतं.

स्पर्धा कशासाठी? पैसा फारसा नाही. वर्गणीची पेटी काही जणांनी ठेवलेली असते, तीत चहापाणी सुटत असेल. स्पर्धा आहे ती पहिलं येण्याची. ‘शोनेन जंप’चा अंक विक्रीला येतो जपानच्या सोमवारी, पण छापून झालेले गठ्ठे दुकानांकडे त्याआधीच निघालेले असतात. वाटेत कुठेतरी एखादा गठ्ठा सुटतो, फोटो निघतात, आणि गुरुवार-शुक्रवारी प्रकरण फुटतं. मग धावाधाव. एक टोळी चार तासांत काहीतरी इंग्रजीसारखं बाहेर काढते, ज्यात कुणाचा संवाद कुणाच्या तोंडी गेलाय हे वाचकाने आपापल्या श्रद्धेने ठरवायचं. दुसरी टोळी दोन दिवस घासूनपुसून नेटकं प्रकरण आणते, तोवर गाव जेवून उठलेलं असतं. वाचक घाईवाल्याकडे जातो, नेटकेवाल्याला ‘धन्यवाद’ म्हणतो, आणि लगेच ‘पुढचं कधी?’ विचारतो.

इथे जरा आमच्या जिल्ह्याचं दुखणं. 2017 च्या सप्टेंबरात अहमदाबादला मोदी आणि शिंझो आबे यांनी बुलेट ट्रेनचा पाया घातला. पालघर जिल्ह्यात तिची दोन स्टेशनं, विरार आणि बोईसर. वायदा होता 15 ऑगस्ट 2022 चा. जपानचं तंत्र, जपानचं कर्ज, जमीन आमची. गाडी अजून बोईसरला यायची आहे. त्याच जपानमधून गुरुवारी निघालेलं प्रकरण मात्र त्याच रात्री बोईसरला उतरतं. भूसंपादन नाही, ग्रामसभेचा ठराव नाही, मोबदल्याचा वाद नाही. मोबदलाच नाही, तर वाद कुठला.

या टोळ्यांकडे पूर्वी एक चांगलं उत्तर होतं: इंग्रजीत मिळतच नाही, मग वाचायचं कसं? उत्तर खोटं नव्हतं. अनेक वर्षं बरीच मांगा जपानबाहेर पोचत नव्हती, पोचली तर दोन-तीन वर्षांनी पुस्तकरूपात, आणि पालघरच्या स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर तर कधीच नाही. तेव्हा नियमही होता, की अधिकृत इंग्रजी आवृत्ती जाहीर झाली की आपण थांबायचं, आपली जुनी प्रकरणं काढून टाकायची आणि वाचकांना पुस्तक विकत घ्यायला सांगायचं. काही जुन्या टोळ्यांनी हा नियम खरोखर पाळला. त्यांना माझा नमस्कार, कारण चार माणसांत कौतुक होत असताना स्वतःहून उठून जाणं आपल्या नगरसेवकांना जमलेलं नाही.

मग 2019 च्या जानेवारीत शुएइशा या प्रकाशनाने ‘मांगा प्लस’ सुरू केलं. सुरुवातीची तीन आणि ताजी तीन प्रकरणं फुकट, जपानबरोबर त्याच क्षणी. जपानमध्ये मध्यरात्री सोमवार सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे रविवारची रात्र असते, साडेआठ. म्हणजे बोईसरच्या पोराला करायचं काय, तर गुरुवारपासून रविवारी साडेआठपर्यंत कळ काढायची. फुकट, कायदेशीर, नीट अनुवाद केलेलं. ‘मिळतच नाही’ हे उत्तर निदान या मोठ्या मालिकांपुरतं संपलं.

कळ निघाली का? विरारला दारात उभं राहून ‘आत जागा आहे’ म्हणणाऱ्यांना विचारा.

म्हणून या धंद्याचे मला दोन भाग करावेसे वाटतात. कुणी न विचारलेली, तीनशे वाचकांची, कुठला प्रकाशक कधी हात लावणार नाही अशी एखादी म्हाताऱ्या न्हाव्याची गोष्ट वर्षभर खपून इंग्रजीत आणणारे एक. कायद्यापुढे तेही गुन्हेगारच, पण मला त्यांच्याबद्दल राग येत नाही, आणायचा प्रयत्न केला तरी. दुसरे हे गुरुवारचे घोडे, ज्यांच्या शर्यतीने लेखकाचे चार दिवस खाल्ले जातात आणि वाचकाच्या पदरात कच्चं अन्न पडतं. गंमत अशी, की शिष्टाचाराच्या गप्पा या दुसऱ्यांकडेच जास्त. ज्याच्या सीटला गिऱ्हाईक नाही त्याला रुमाल लागत नाही.

जपानने हे सगळं हसून सोडून दिलेलं नाही. 1 जानेवारी 2021 पासून तिथे चोरीची मांगा जाणूनबुजून डाउनलोड करणंही बेकायदा झालं. 2024 मध्ये अंक आधीच फोडल्याच्या संशयावरून तिथे दोन परदेशी नागरिकांना अटक झाली. 2025 च्या मे महिन्यात ‘मांगाडेक्स’ला, म्हणजे या टोळ्यांनीच 2018 मध्ये उभ्या केलेल्या मोठ्या अड्ड्याला, प्रकाशकांच्या मागणीवरून सातशेहून अधिक मालिका उतरवाव्या लागल्या. एका फटक्यात. ‘ही मालिका आमची’ म्हणून वर्षानुवर्षं भांडलेल्या दोन टोळ्यांची मालिका त्या दिवशी दोघींचीही राहिली नाही. टीसी आला की रुमालवाले कसे एकमेकांशी गोड बोलू लागतात, ते दृश्य डोळ्यांपुढे आणावं.

परवानगी मागून हौसेने अनुवाद करता येतो, हे जपानबाहेरच्या मांगावाचनाच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे. केइजी नाकाझावा हे हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेले चित्रकार. त्यांची ‘बेअरफूट गेन’ 1973 मध्ये त्याच ‘शोनेन जंप’मध्ये सुरू झाली. 1976 मध्ये टोकियोत काही जपानी आणि अमेरिकी मंडळी जमली, ‘प्रोजेक्ट गेन’ असं नाव घेतलं आणि लेखकाच्या संमतीने ही कथा इंग्रजीत आणायला बसली. प्रकाशकाचा पाठिंबा नाही, पगार नाही, फक्त ही गोष्ट बाहेर गेली पाहिजे ही आच. पूर्ण लांबीची मांगा इंग्रजीत पुस्तकरूपाने येण्याची सुरुवात या फुकट्यांनी केली. पुढे ती हिंदीतही आली. टोमोको किकुची यांनी थेट जपानीतून आणली. म्हणजे हिंदी वाचकाकडे हिरोशिमा एका जपानी बाईने स्वतः आणून पोचवलं.

आणि नावाच्या पानाचं म्हणाल, तर त्यावर हसताना पालघर जिल्ह्याने जरा जपून हसावं. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. वारली चित्राला लग्नाच्या चौकातून कागदावर आणि कागदावरून जगात नेणारा माणूस, 2011 मध्ये पद्मश्री, 2018 मध्ये गेले. जपानमध्ये निगाता प्रांतातल्या तोकामाची गावी टोकिओ हासेगावा यांनी मिथिला संग्रहालय उभारलंय. वारली चित्रकार तिथे जाऊन राहिले, तिथल्या बर्फात बसून चित्रं काढली, आणि ती त्यांच्या नावानिशी भिंतीवर लागली. आपल्याकडे? 2014 मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधीही आणि नंतरही तारपा वाजवणारा तो माणूस कपांवर, कुर्त्यांवर, मोबाईलच्या कव्हरांवर, नव्या टॉवरच्या गेटवर फिरतोच आहे. गेटवर बिल्डरचं नाव, आर्किटेक्टचं नाव, उद्घाटन करणाऱ्या आमदाराचं नाव. चित्र काढणाऱ्याचं नाव शोधून दाखवा. ज्यांच्याकडे कसलाच हक्क नाही त्या पोरांच्या टोळीत अक्षरं पुसणाऱ्याचंही नाव छापतात. कुठलीही चोरी मोठी असो की लहान, त्यातला एवढा एक गुण आमच्या बांधकाम व्यावसायिकांनी घ्यायला हरकत नव्हती.

आता मराठीकडे येऊ. येऊ म्हणजे काय, तिथे कुणी बसलेलंच नाही. ‘मांगा प्लस’वर इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच, पोर्तुगीज, रशियन, थाई, इंडोनेशियन, व्हिएतनामी. मराठी नाही. याबद्दल मोर्चा काढायचा तर काढा, पण आधी चोरांकडे बघा. स्पॅनिशमध्ये चोरांच्या मारामाऱ्या आहेत, इंडोनेशियनमध्ये आहेत. मराठीत चोरून आणावं असंही फारसं कुणाला वाटत नाही. बोईसरचं पोर घरी वाडवळी बोलतं, मित्रांशी हिंदी, आणि ‘वन पीस’मधल्या लुफीशी इंग्रजी. त्याला त्यात काही खुपत नाही. खुपतं ते आम्हाला, आणि आम्ही मांगा वाचत नाही.

एके काळी मराठीवर रुमाल पडत होते हो. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चं महादेवशास्त्री कोल्हटकरांनी केलेलं मराठी नाटक 1867 मध्ये छापून आलं. सीट भरलेली होती. तरी 1890 मध्ये गोविंद बल्लाळ देवलांनी त्याच नाटकावरून ‘झुंझारराव’ आणलं, आणि लोक पहिलं विसरले. आजच्या टोळ्यांच्या नियमाने बघाल तर देवल पक्के घुसखोर. पण त्या घुसखोरीने मराठी रंगभूमीचं भलंच झालं. चित्रकथांचंही तसंच. 1964 पासून इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ मराठीतून बोलत होता, आणि त्या कवट्यांच्या गुहेचा पत्ता पालघर तालुक्यातल्या पोरांना जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पत्त्याहून आधी ठाऊक होता. अर्थात तेव्हा जिल्हाधिकारी ठाण्यात बसत. आमचा जिल्हा झाला 2014 मध्ये.

तरी मी एक मालिका सुचवतो. तिच्यावर कुणाचाही रुमाल दिसत नाही. नाव ‘इची-एफ’, काझुतो तात्सुता या टोपणनावाने काढलेली. 2011 च्या मार्चमध्ये फुकुशिमाची दुर्घटना झाली. पुढच्या वर्षी हा चित्रकार तिथे साफसफाईच्या कामावर मजूर म्हणून लागला आणि नंतर त्याने जे पाहिलं ते काढलं. कोदान्शाच्या ‘मॉर्निंग’ साप्ताहिकात 2013 पासून आली, इंग्रजी पुस्तक 2017 मध्ये. मारामारी नाही, राक्षस नाही, उडणारी माणसं नाहीत. कंत्राटदाराखालचा कंत्राटदार, त्याच्याखालचा आणखी एक, हातात पडणारा रोज, मास्क आणि हातमोजे चढवायचा कंटाळा, आणि किती किरणोत्सार अंगावर घेतला याची रोजची नोंद. मर्यादा भरली की काम बंद, म्हणजे मजुरीही बंद.

आता आमच्या जिल्ह्यातलं तारापूर. आपल्या देशातलं पहिलं व्यापारी अणुवीज केंद्र, ऑक्टोबर 1969. पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, उकळत्या पाण्याच्या पद्धतीच्या. फुकुशिमा दाइइचीची पहिली भट्टीही त्याच कंपनीची, त्याच पद्धतीची, दीड वर्षाने मागची. एका घराण्यातली भावंडं. पुढे तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली, त्यांच्या पुनर्वसनाच्या फायली अजून वाचून संपलेल्या नाहीत. बोईसरच्या नाक्यावर कंत्राटी कामगार म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. ‘इची-एफ’ला जपानबाहेर याहून जाणकार वाचक मिळणार कुठे? पण तिच्यात शर्यत नाही. गुरुवारी फोडण्यासारखं काही नाही.

समजा, बोईसरच्या एखाद्या पोराने मनावर घेतलंच, आणि चोरून न करता सरळ मार्गाने करायचं ठरवलं. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम 32 आहे. कृती प्रसिद्ध होऊन सात वर्षं झाली असतील, तर अनुवादाचा परवाना मागायला कुणीही अर्ज करू शकतो. सात वर्षं केव्हाच झाली. आधी मालकाला विचारलं आणि त्याने नाही म्हटलं, किंवा शोधूनही मालक सापडला नाही, हे दाखवायचं. मानधन द्यायची ऐपत आहे हे दाखवायचं. आणि आपल्याला अचूक अनुवाद करता येतो हेही पटवून द्यायचं. इथे पोर खूश होईल, टोळीची परीक्षा तो आधीच पास झालेला असतो.

अर्ज कुणाकडे? पूर्वी कॉपीराइट मंडळाकडे. 2017 मध्ये मंडळाचं काम बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेलं. 2021 मध्ये ते अपील मंडळच गुंडाळलं. आता कोर्ट. हरकत नाही, डहाणू लोकल चर्चगेटपर्यंत जाते, हायकोर्ट तिथून चालत. पोर तारखा घेईल, वकील करील, पण वकील कलम नीट वाचून त्याला एक बारीक गोष्ट सांगेल. कलम बोलतं साहित्यकृती आणि नाट्यकृतीबद्दल. चित्रकृती त्या परवान्यात येत नाही. म्हणजे परवाना मिळालाच, तर तो फुग्यांतल्या मजकुराचा. मधली माणसं, मास्क, भट्टी, समुद्र हे सगळं वगळून कोऱ्या कागदावर नुसते मराठी फुगे छापायचे. एवढंच की पुसणारा माणूस टोळीत ठेवावा लागणार नाही.